लिंक तुटत नाही, बारीक होते. त्याची नोंद कोण ठेवणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोकणात पावसाळ्यात मोबाइलचं नेट गायब होतं, ही बातमी आपल्या अंकात गेल्या आठवड्यात आली आणि त्यावर दोन वाचकांची पत्रंही आली. एकांनी लिहिलंय की पाऊस लागला की कंपन्या मुद्दाम वेग कमी करतात. दुसऱ्यांचं म्हणणं, टॉवर कमी आहेत, ते वाढवा. मी १९८४ साली डाक-तार खात्याच्या दूरसंचार शाखेत कनिष्ठ अभियंता म्हणून लागले, बहुतेक नोकरी रत्नागिरी जिल्ह्यात मायक्रोवेव्हच्या, म्हणजे टॉवर ते टॉवर बिनतारी जोडणीच्या, कामावर काढली आणि २०१९ साली निवृत्त झाले. आता संगमेश्वर तालुक्यात, अगदी सह्याद्रीच्या पायथ्याशी, सासरच्या गावी राहते. दोन्ही पत्रलेखकांचा त्रास खरा आहे, तोच मीही भोगते. पण दुखणं त्यांनी बोट ठेवलंय तिथे नाही, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, पण शक्यतो कात्री न लावता छापावं ही विनंती.

आधी गेल्या जुलैमधला प्रसंग सांगते. आमच्या वाडीपासून रेशन दुकान दीड किलोमीटरवर, मध्ये एक पऱ्या, म्हणजे ओढा, ओलांडावा लागतो. त्या दिवशी दुपारपासून पाऊस असा कोसळत होता की समोरचं कौल दिसत नव्हतं. दुकानाच्या पडवीत पंधरा-वीस माणसं अंग चोरून उभी. आत काउंटरवर ते अंगठ्याचं मशीन. आमच्या शेजारच्या काकी, वय सत्तरीच्या पुढे, पाचव्यांदा अंगठा लावत होत्या. दुकानदार त्यांचा अंगठा धोतराच्या सोग्यानं पुसून पुन्हा काचेवर दाबत होता, जणू चूक अंगठ्याचीच. मशीनवर गोल फिरत राही आणि शेवटी लाल अक्षरं येत. काकी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "वहिनी, तुमी टेलिफोनात होतात ना? रेंजच्या काड्या तर चारच्या चार हायत. मग ह्यो मशीन अंगठा का घेत नाय?"

मी मशीनकडे पाहिलं. खरंच चार काड्या होत्या. माझ्या फोनवरही चार. आणि साधं पान उघडत नव्हतं. काकी त्या महिन्याचे तांदूळ न घेता परत गेल्या, दुसऱ्या दिवशी आल्या, पुन्हा पाऊस, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला सकाळी उघडीप होती म्हणून काम झालं. तीन खेपा, प्रत्येक खेपेला पऱ्या.

मी सेवा देणाऱ्या कंपनीला रीतसर तक्रार केली. आधी हेल्पलाइनवरच्या मुलानं सांगितलं, "मॅडम, तुमची साइट अप आहे." मग लेखी उत्तर आलं की नोंदीनुसार त्या दिवशी त्या टॉवरची सेवा अखंड सुरू होती. कंपनीचं नाव मी मुद्दाम घेत नाही, कारण दुसऱ्या कुठल्याही कंपनीनं हेच उत्तर दिलं असतं. आणि हे उत्तर खोटं नाही. मला त्याच गोष्टीचा जास्त त्रास झाला. त्यांच्या नोंदीत लिंक, म्हणजे टॉवरला पुढच्या टॉवरशी जोडणारा बिनतारी दुवा, खरोखरच तुटलेली नव्हती.

हे कसं, ते सांगायला मला रांगोळीची मदत घ्यावी लागेल. नोकरीत नवीन आलेल्या मुलांनाही मी असंच शिकवत असे.

दारासमोर सारवलेली हातभर जागा आहे असं धरा. त्यात दोन ठिपके दोन ओळी, असे चार ठिपके दिलेत. पाठवणाऱ्यानं एका वेळी चारांपैकी एका ठिपक्यावर बोट ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाच्या माणसानं तो ओळखायचा. चारांतून एक निवडायचा म्हणजे दोन बिटांची माहिती. या पद्धतीला क्यूपीएसके म्हणतात. आता तेवढ्याच जागेत सोळा ठिपके सोळा ओळी द्या, म्हणजे २५६ ठिपके. २५६ मधून एकावर बोट ठेवलं की एका खेपेत आठ बिटं गेली. ही २५६ क्वाम. जागा तीच, वेळ तोच, माहिती चौपट. हल्लीच्या यंत्रांत १०२४ आणि ४०९६ ठिपक्यांच्याही रांगोळ्या असतात.

अडचण अशी की पलीकडच्या माणसाला बोट स्थिर दिसत नाही, थरथरताना दिसतं. ही थरथर म्हणजे यंत्राचा आणि वातावरणाचा गोंगाट, ती कधी शून्य होत नाही. चार ठिपक्यांच्या रांगोळीत बोट थोडं हललं तरी कुठला ठिपका ते कळतं. सोळा ओळींच्या रांगोळीत ठिपके इतके दाट असतात की जरा हललं की शेजारच्यावर गेलं. आणि पाऊस काय करतो? तो थरथर वाढवत नाही, तो अख्खी रांगोळी आकसवतो. सिग्नल क्षीण झाला म्हणजे हातभर रांगोळी आधी पाटाएवढी होते, मग तळहाताएवढी. बोटाची थरथर मात्र आधी होती तेवढीच राहते. अशा वेळी सोळा ओळी मांडण्यात अर्थ नसतो. शहाणं यंत्र लगेच आठ ओळींवर येतं, मग चारवर, मग दोनवर. ठिपके कमी, पण जो दिसतो तो खात्रीनं ओळखू येतो. उघडीप झाली की पुन्हा चढत सोळावर. याला अ‍ॅडाप्टिव्ह मॉड्युलेशन म्हणतात, मी मराठीत 'पायरीनं चालणं' म्हणते. ओळी दुप्पट करायच्या तर सिग्नल चौपट ताकदीचा लागतो, म्हणजे साधारण ६ डेसिबल जास्त. सोळा ओळींवरून दोनवर उतरलं की तीन पायऱ्या, जवळजवळ १८ डेसिबलची सवलत मिळते. सिग्नल साठाव्या हिश्शावर आला तरी लिंक जिवंत राहते.

म्हणजे पहिल्या पत्रलेखकांना मी नम्रपणे सांगेन, वेग कमी होतो तो कुणी मुठीत दाबल्यामुळे नाही. यंत्र स्वतःहून उतरतं, आणि उतरलं नाही तर जे थोडं मिळतंय तेही मिळणार नाही.

आता काकींच्या चार काड्यांचा प्रश्न. लोकांना वाटतं पाऊस फोन आणि टॉवरच्या मध्ये येतो. तसं फारसं होत नाही. आपले फोन बहुतेक ७०० ते २३०० मेगाहर्ट्झच्या आसपास बोलतात आणि त्या लहरींना पावसाचे थेंब जवळपास अडवत नाहीत. ओली झाडं थोडी खातात, तेवढंच. काड्या दाखवतात ते फोन ते टॉवर एवढंच अंतर, आणि किती ताकदीला किती काड्या दाखवायच्या हेही फोन बनवणाराच ठरवतो. पण टॉवरला मिळालेला तुमचा निरोप पुढे तालुक्याला, जिल्ह्याला जायचा कसा? जिथे फायबर पोचलेली नाही तिथे टॉवरवर ढोलासारखी गोल डिश असते, ती दूरच्या दुसऱ्या टॉवरवरच्या डिशकडे तोंड करून बसलेली. दोन डिशमधल्या या टप्प्याला हॉप म्हणतात. हा हॉप बऱ्याचदा १५ किंवा १८ गिगाहर्ट्झवर चालतो. तिथे लहरीची लांबी दोन सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, थेंबाच्या मापाशी जवळीक साधणारी, आणि मग पाऊस सिग्नल चक्क गिळतो. ताशी १०० मिलिमीटर या दरानं पडणाऱ्या पावसात १५ गिगाहर्ट्झला दर किलोमीटरमागे साधारण ६ ते ८ डेसिबल जातात. ढगाचा जोराचा पट्टा चार किलोमीटरचा धरला तर २४ ते ३२ डेसिबल तिथेच संपले. खाली पडताना मोठा थेंब चपटा होतो, गोल राहत नाही, म्हणून आडव्या ध्रुवणाच्या, म्हणजे आडवी डुलणाऱ्या, लहरीला मार जास्त बसतो आणि उभ्या ध्रुवणाच्या, म्हणजे उभी डुलणाऱ्या, लहरीला कमी. दुर्गम हॉप आम्ही शक्यतो उभ्या ध्रुवणावर ठेवायचो ते यासाठी.

सारांश, काकींचा अंगठा मशीनमधून टॉवरपर्यंत व्यवस्थित पोचत होता. त्याच्या पुढच्या हॉपची रांगोळी तळहाताएवढी झाली होती. ज्या पट्ट्यातून एरवी सेकंदाला १८० मेगाबिट जातात त्यातून क्यूपीएसकेवर चाळीसेक जात असतील, आणि पुढे त्याच हॉपला आणखी दोन-तीन टॉवर साखळीनं जोडलेले असले तर त्या चाळिसात सगळ्या गावांचा वाटा. रील बघणारे, सिनेमा उतरवणारे आणि काकी, सगळे एकाच रांगेत.

फोन आणि टॉवरच्या मध्येही हीच पायरीची पद्धत चालते, फक्त फार वेगानं. फोरजीत तुमचा फोन टॉवरला दर काही मिलिसेकंदांनी एक आकडा कळवतो, ० ते १५ मधला. १५ म्हणजे मला उत्तम ऐकू येतंय, ६४ ठिपक्यांची रांगोळी काढा. १ म्हणजे जेमतेम, चारच ठिपके आणि तेही पुन्हा पुन्हा दाखवा. या दोन टोकांमध्ये वेगाचा फरक ३६ पटींचा आहे. टॉवर पायरी निवडताना माहितीच्या दहा ठोकळ्यांतला एखादा पहिल्या खेपेला चुकेल असं धरूनच निवडतो आणि चुकलेला पुन्हा पाठवतो. अति जपून चाललं तर चांगल्या वेळेतला वेग फुकट जातो, हे त्यामागचं गणित.

फोन आणि टॉवरच्या मध्ये अडचण पावसाची नसते, इथे फेडिंग, म्हणजे सिग्नलचं खालीवर होणं, असतं ते परावर्तनाचं. टॉवरचा सिग्नल डोंगरावरून, भिंतीवरून, पत्र्यावरून आपटून अनेक वाटांनी फोनला पोचतो. कुठे या वाटा एकमेकींना बळ देतात, कुठे एकमेकींना पुसून टाकतात. १८०० मेगाहर्ट्झला चांगल्या जागेपासून वाईट जागेपर्यंतचं अंतर जेमतेम दोन-चार बोटांचं. घरात फोन खिडकीच्या एका कोपऱ्यात लागतो आणि चार बोटं सरकवला की लागत नाही, हा अनुभव सगळ्यांना आहे, त्याचं कारण हे. आता कोकण रेल्वेत बसा. ताशी १०० किलोमीटरनं गाडी ती चार बोटं तीन मिलिसेकंदांत ओलांडते. फोननं "मला उत्तम ऐकू येतंय" असं कळवून टॉवरनं ते वाचेपर्यंत फोन सिग्नलच्या पुढच्या खड्ड्यात गेलेला असतो. कळवलेली बातमी शिळी झाली की पायरी चुकते. म्हणून टॉवर सरासरी धरून खालच्या पायरीवर चालतो, आणि बोगदा नसतानाही, काड्या भरलेल्या असतानाही गाडीत नेट ओढगस्तीचं असतं. त्या मानानं पाऊस सोपा आहे. तो सेकंदांनी, मिनिटांनी बदलतो, मिलिसेकंदांनी नाही. हॉपच्या दोन्ही टोकांना एकमेकांची बातमी ताजी मिळते आणि पायरी अचूक बसते.

या विद्येचा इतिहास जुना आहे. हवेत सिग्नल खालीवर होतो तर पाठवण्याचा वेगही खालीवर का करू नये, यावर १९६८ आणि १९७२ सालीच लिहिलं गेलं होतं. पण यंत्रं तेवढी चपळ नव्हती. १९९७ साली अमेरिकेत अँड्रिया गोल्डस्मिथ आणि प्रवीण वरैया यांनी फेडिंगच्या वाटेवरून जास्तीत जास्त किती माहिती नेता येईल याचं गणित मांडलं. वरैया मुंबई विद्यापीठाचे इलेक्ट्रिकल इंजिनिअर, पुढे बर्कलीला प्राध्यापक झाले. उत्तर असं निघालं की वाट वाईट असताना जोर लावून रेटू नये. वाट चांगली असताना जास्त ताकद, जास्त वेग द्यावा. वाईट झाली की हात आखडावा. फारच वाईट झाली की गप्प बसावं. मी हे पहिल्यांदा एका प्रशिक्षणात ऐकलं तेव्हा मला माझे सासरे आठवले. वाफसा नसताना ते कधी शेतात औत घालत नसत आणि वाफसा आला की दिवस मावळेपर्यंत बैल सोडत नसत. त्याच वर्षी गोल्डस्मिथ आणि सून-घी चुआ यांनी दाखवलं की पायरीनं चालणाऱ्या लिंकला एकाच पद्धतीनं चालणाऱ्या लिंकपेक्षा २० डेसिबलपर्यंत फायदा मिळू शकतो, म्हणजे तेच काम शंभराव्या हिश्शाच्या ताकदीत. आणि त्यासाठी शेकडो पायऱ्या लागत नाहीत, पाच-सहा रांगोळ्या पुरतात. आज डोंगरावरच्या टॉवरपासून घरच्या वायफायपर्यंत सगळीकडे हेच चालतं.

मग माझी तक्रार कशाबद्दल आहे? त्यासाठी मला १९९४ सालच्या डिसेंबरमधल्या एका रात्रीकडे जावं लागेल.

तेव्हा आमचा एक हॉप खाडीवरून जात होता. सेकंदाला ३४ मेगाबिटची डिजिटल लिंक, ४८० टेलिफोन चॅनेलची. पद्धत एकच, वेग एकच. एक तर पूर्ण चालू, नाही तर पूर्ण बंद. खाडीवरच्या हॉपचा शत्रू पाऊस नव्हता, कारण तो हॉप खालच्या फ्रिक्वेन्सीवर होता. शत्रू होती हिवाळ्यातली शांत रात्र. वारा पडला की पाण्यावर हवेचे गार-ऊन थर बसतात, लहर त्या थरांत वाकते, पाण्यावर आपटून दुसऱ्या वाटेनंही येते आणि दोन्ही वाटा एकमेकींना मारतात. मी रात्रपाळीला होते. यंत्राच्या तोंडावर एजीसीचा काटा असे, येणारा सिग्नल किती हे त्यावरून कळे. दर तासाला तो वाचून लॉगबुकात लिहायचा. अडीचच्या सुमाराला काटा हलायला लागला. हळूहळू डावीकडे, जरा थांबला, परत उजवीकडे, मग एकदम डावीकडे. मी सर्व्हिस चॅनेलवरून, म्हणजे आम्हा कर्मचाऱ्यांच्या बोलण्याच्या लाइनवरून, पलीकडच्या स्टेशनला विचारलं, "तुमच्याकडे किती?" ते म्हणाले, "आमच्याकडेही पडतोय, खालची डिश घेऊ का?" टॉवरवर खालीवर दोन डिश असत, एक वाईट झाली की दुसरी घ्यायची, कारण दोन्हीकडे एकाच वेळी खड्डा पडणं दुर्मिळ. खालची घेतली, पाच मिनिटं बरी चालली, मग तीही गेली. लाल दिवा लागला, घंटा वाजली, ४८० चॅनेल एकदम तुटले. पस्तीस मिनिटांनी परत आले.

सकाळी नऊला एक्स्चेंजच्या खिडकीशी एक गृहस्थ आले. रात्री पीसीओवरून मुंबईला बोलत होते, आई इस्पितळात होती, भाऊ काहीतरी सांगत होता आणि आवाज गेला. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एवढंच विचारलं, "रात्री नक्की काय झालं?" मी लॉगबुक उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. '०२.४० ते ०३.१५, लिंक फेल, कारण फेडिंग, दोन्ही डिश.' खाली माझी सही. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे माझ्या फोनचा दोष नव्हता." आणि गेले. त्या नोंदीनं त्यांची आई बरी झाली नाही की तुटलेलं बोलणं जोडलं गेलं नाही. पण त्यांना उत्तर मिळालं. आणि अशा नोंदी महिनाभर साठल्यावर वरून माणसं आली, मोजमाप झालं आणि त्या हॉपच्या डिशची उंची बदलली गेली. लाल दिव्याच्या नोंदींची ती पुंजी होती म्हणून ते काम मंजूर झालं.

पायरीनं चालणाऱ्या लिंकला लाल दिवा लागत नाही. ती २५६ वरून ६४ वर येते, १६ वर येते, क्यूपीएसकेवर येते, तिथे अडीच तास रेंगाळते आणि पुन्हा वर जाते. तुटली का? नाही. मग नोंद काय? 'सेवा अखंड सुरू.' जी विद्या लिंक वाचवण्यासाठी आली तिच्यामुळे लिंकचं आजारपण झाकलं गेलं. काकी तीन वेळा पऱ्या ओलांडून आल्या, त्यांच्यासाठी लॉगबुकात एक ओळही नाही.

आणि ही माहिती नसते असं कुणी सांगू नये. या रेडिओ यंत्रांत कुठल्या पायरीवर किती वेळ गेला याची मोजणी आपोआप होत असते. ती नियंत्रण केंद्राच्या पडद्यावर दिसते, मी स्वतः अशा पडद्यासमोर बसले आहे. दर पंधरा मिनिटांचा हिशेब असतो. फक्त तो कुणी मागत नाही, म्हणून कुणी देत नाही. सेवा बंद किती वेळ होती हेच मुख्यतः विचारलं जातं. १ ऑक्टोबर २०२४ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे सेवेच्या दर्जाचे नवे नियम लागू झाले, त्यात कंपन्यांनी कुठे कुठली सेवा पोचते त्याचे नकाशे संकेतस्थळावर द्यावेत असं आहे. ही फार चांगली गोष्ट झाली. पण नकाशा दाखवतो तो फोन ते टॉवर. आमचं गाव त्या नकाशात रंगवलेलं असेल आणि ते खरंही असेल. टॉवरच्या मागचा हॉप श्रावणात कितव्या पायरीवर होता, ते त्या रंगात दिसत नाही.

लिंकचा हिशेब वर्षाचा धरतात, तिथेही आमच्यावर अन्याय होतो. ९९.९९ टक्के चालणारी लिंक उत्तम समजतात. उरलेला ०.०१ टक्का म्हणजे वर्षाची ५३ मिनिटं. ऐकायला किती थोडी वाटतात. पण कोकणात ती जवळजवळ सगळी मिनिटं जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतात, आणि येतात तीही नेमक्या त्या दुपारी जेव्हा पूल पाण्याखाली असतो, दरड कोसळलेली असते, कुणाला तरी १०८ लावायचा असतो. शिवाय ही ५३ मिनिटं फक्त पूर्ण तुटण्याची. तळाच्या पायरीवरचे तास त्यात धरलेलेच नाहीत. मे महिन्याच्या कोरड्या दिवसांतल्या २५६ क्वामनं जुलैमधली दुपार भरून काढता येत नाही. पावसाळ्याचा हिशेब वेगळा मांडायला हवा.

दुसऱ्या पत्रलेखकांची टॉवर वाढवण्याची मागणी मला मान्य आहे, पण त्यात एक गोष्ट जोडावी. नवा टॉवर त्याच बारीक हॉपला साखळीनं जोडला तर काड्या वाढतील आणि अंगठा तरीही लागणार नाही. टॉवर मागताना त्याच्या मागे फायबर आहे की डिश, हे विचारा. ग्रामपंचायतीपर्यंत फायबर आली असेल तर टॉवर तिला जोडायला काय अडलंय, हे ग्रामसभेत विचारा. डिशच असेल तर हॉप किती किलोमीटरचा आणि कुठल्या फ्रिक्वेन्सीवर, हे विचारा. घाटाखालच्या पट्ट्यात लांब हॉप १५ गिगाहर्ट्झवर टाकणं मला तरी पटत नाही. ७ गिगाहर्ट्झला त्याच पावसात किलोमीटरमागे दीड-दोन डेसिबलच जातात. नाही तर मध्ये एक टेकडी घेऊन हॉपचे दोन तुकडे करावेत. खर्च येतो, मला ठाऊक आहे, पण तो कुठे करायचा हे ठरवायला पायऱ्यांचा हिशेब समोर हवा.

आणि वाट बारीक झाली की त्या वाटेवरून आधी कुणी जायचं, हा तर पैशाचाही प्रश्न नाही. या यंत्रांत पायरी खाली आली की कुठली माहिती आधी पुढे पाठवायची याचा क्रम लावून ठेवता येतो. बोलणं आधी जातं, कारण ते तसं लावलेलं असतं. रेशनच्या मशीनच्या एका अंगठ्याला लागणारी माहिती एका फोटोपेक्षाही लहान असते. चाळीस मेगाबिटमधून गावातल्या सगळ्यांचे अंगठे सहज जातील, फक्त त्यांना रांगेत पुढे उभं करायला हवं. आरोग्य केंद्राचा, रेशनचा, आपत्ती व्यवस्थापनाचा निरोप तळाच्या पायरीवरही जाईल, एवढी व्यवस्था शासनानं कंपन्यांशी बोलून करावी. रील तासभर थांबली तर कुणाचं बिघडत नाही.

तेव्हा माझी मागणी एकच आहे आणि ती जिल्हा प्रशासन, आमचे लोकप्रतिनिधी आणि नियामक प्राधिकरण, सगळ्यांकडे आहे. प्रत्येक टॉवरमागे, जून ते सप्टेंबर, कुठल्या पायरीवर किती तास, हा तक्ता दर महिन्याला जाहीर व्हावा. तळाच्या पायरीवरचे तास 'सेवा सुरू' या खात्यात न धरता त्यांचं वेगळं खातं असावं. सरकारी व्याख्येप्रमाणे जानेवारी २०२३ पासून किमान २ मेगाबिट वेग असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणतात. त्याखाली जितके तास गेले ते तास ग्राहकाला कळले पाहिजेत, जसे त्या गृहस्थांना खिडकीशी कळले.

तोपर्यंत मी माझं जुनं काम पुन्हा सुरू केलं आहे. घरी कोरी लॉगबुकाची वही होती, ती काढली. अंगणात सरळ बुडाच्या बरणीला पट्टी चिकटवून पर्जन्यमापक केला आहे. पाऊस असेल त्या दिवशी दर तासाला बरणी बघते, फोनवर वेग बघते, काड्या बघते आणि तिन्ही आकडे लिहिते. पान पहिलं, गेल्या मंगळवारचं: दुपारी ४.००, पाऊस नाही, वेग २२ मेगाबिट, काड्या चार. ५.१०, पाऊणएक तासात बरणीत ६२ मिलिमीटर, वेग १.४ मेगाबिट, काड्या चार. ६.३०, पाऊस थांबला, वेग १९, काड्या चार. काड्यांचा रकाना सगळीकडे सारखाच आहे, तरी मी तो भरते.

पलीकडच्या खोऱ्यातल्या दोन शिक्षकांना आणि आमच्या रेशन दुकानदाराला मी तशाच वह्या आखून दिल्या आहेत. दुकानदाराच्या वहीत एक रकाना जास्त आहे, 'परत गेलेली माणसं'. आपल्या वाचकांपैकी कुणाला आपल्या गावात असं लिहायचं असेल तर आखणी अगदी सोपी आहे, नमुन्याचं पान पत्रासोबत जोडलं आहे. आपण ते छापलंत तर बरं होईल. सप्टेंबर संपला की सगळ्या वह्या एकत्र करून जिल्हाधिकारी कार्यालयात नेऊन देणार आहे, आणि काकी म्हणाल्यात की त्याही बरोबर येतील.

आपली,
एक निवृत्त दूरसंचार अभियंता,
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी